शब्द नाहीत म्हणून कान बंद?

"गाणं कधी लागते?" हा प्रश्न आमच्या कोंढा गावात मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याची चीड येते. 'कॉल ऑफ द व्हॅली' ही वाद्यसंगीताची तबकडी लावली, अहिर भैरव उमलू लागला, की दोन मिनिटांत कुणीतरी हे विचारतंच. वाद्यसंगीत म्हणजे जेवणावळीत मागे वाजत ठेवायची, नाहीतर दुखवटा असला की रेडिओवर लागायची चीज, असं आपण ठरवून टाकलं आहे. याला अडाणीपण म्हणून पांघरूण घालू नका. हा कानांचा आळस आहे.

आळसच म्हणतो, कारण पूर्व विदर्भातल्या या भागाची ऐकण्याची ताकद मी पाहिली आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, तेव्हा झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं आणि माणसं थंडीत शाली पांघरून शेवटच्या प्रवेशापर्यंत हलत नाहीत. दंडार या आमच्या लोकनाट्यात ठेका जरा ढळला तर मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळतं. त्याच माणसांना सुमारे चाळीस मिनिटांची एक तबकडी जड कशी होते?

आणि तबकडी तरी कुणाची? 1967 सालची, एचएमव्हीची. निर्माते जी. एन. जोशी. आपल्याच विदर्भातल्या मेहकरच्या कवी ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' गाऊन मराठी भावगीत घराघरांत नेणारा हा गायक. शब्दांवर ज्याचं नाव झालं, त्यानेच एकही शब्द नसलेली गोष्ट ध्वनिमुद्रित करवून घेतली. काश्मीरच्या दरीतल्या मेंढपाळाचा एक दिवस: पहाटे अहिर भैरव, त्याला लागून नट भैरव, मग पिलू, सांजेला भूप, रात्री देस आणि अखेरीस पहाडी. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. माणिकरावांचं नाव आज किती मराठी माणसांना सांगता येईल?

गिटारसाठी तरी ही तबकडी ऐकाच. तेव्हा लोकांना गिटार माहीत होती ती सिनेमाच्या गाण्यांच्या धुनांपुरती. काबरा अली अकबर खाँचे शिष्य. त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली, पडद्यांवर बोटं दाबणं सोडलं आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवत मींड काढली. संतूरच्या तारांवर काड्यांचा आघात होतो, सूर थेंबाथेंबानं पडतो. अशा वाद्यावर राग कसला वाजतो, असं म्हणणारे जाणकार तेव्हा होते. इथे संतूरचा सूर जिथे तुटतो, तिथून गिटार तो उचलते आणि ओढत पुढे नेते. मग बासरी त्यात श्वास भरते. हे लक्ष देऊन एकदा ऐकलं की शब्दांची आठवणसुद्धा होत नाही. गवय्याचा गळा जे करतो ते एका परक्या वाद्याकडून करवून घेणं, याहून मोठा प्रयोग कोणता?

शहरातल्यांनाही मी सोडणार नाही. त्यांनी या संगीताचे तुकडे केले. योगाच्या वर्गात थोडं, हॉटेलच्या लिफ्टमध्ये थोडं, मोबाइलवर 'गाढ झोपेसाठी' नावाच्या यादीत थोडं. क्रम उधळला की रात्रीचा देस पहाटेच्या आधी येतो आणि मेंढपाळाचा दिवसच संपतो. ज्यांनी जागं राहून वाजवलं त्यांना झोपेचं औषध करणं हा कलावंतांचा अपमान आहे. वर हीच मंडळी मला ऐकवतात, खेड्यात असलं प्रायोगिक संगीत कोण ऐकणार? तुम्ही तरी कुठे ऐकता? तुम्ही फक्त वाजत ठेवता. धान पिकवणाऱ्या माणसाचा कान तुमच्यापेक्षा कमी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मंडईच्या आयोजकांकडे माझी एकच मागणी आहे. नाटकाचा पडदा उघडायच्या आधी डीजे छातीत धडकी भरवत असतो, त्यातली चाळीस मिनिटं द्या. तबकडी पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजू द्या. मध्ये निवेदन नको, सत्कार नको, वर्गणीदारांच्या नावांचा पुकारा नको. त्यानंतरही लोक म्हणाले की कळलं नाही, तर मी ऐकून घेईन. न ऐकताच दिलेला निकाल मात्र मी मानणार नाही.