द्राक्षांच्या गावी दोन दिवस



शेतकऱ्याला सुटी नसते म्हणतात. पण माघात भात विकून झालं होतं, खळं रिकामं होतं. आम्ही चार दोस्तांनी शनिवार-रविवार गाठून जव्हारहून एस.टी. धरली. मोखाडा, तोरंगण घाट, त्र्यंबकेश्वर करीत नाशिकला उतरलो. वाट ऐंशी-एक किलोमीटरची, पण मुलूख पार बदलतो. आपल्याकडे नाचणी-वरईच्या उघड्या वरकस जमिनी, तिकडे तारांवर चढवलेल्या हिरव्यागार बागा.

"वाइन बघायला निघालात? या वयात?" कारभारणीने निघताना टोमणा मारलाच. तिला म्हटलं, पिणं नव्हे, पीक बघायचं आहे.

गंगापूर धरणाच्या बाजूचा हा भाग. कॅलिफोर्नियाहून परतलेल्या राजीव सामंत यांनी १९९७ साली इथे वाइनची द्राक्षं लावली आणि २००० साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, मग कारखाने वाढले. फ्रान्स-इटलीत लोक गावोगाव बागा बघत हिंडतात, तसे आता इथे मुंबईचे लोक येतात.

कारखान्यात मोठमोठ्या पोलादी टाक्या. लाल वाइनसाठी काळी द्राक्षं सालासकट आंबवतात, पांढरीसाठी आधी रस काढून घेतात. यीस्ट रसातली साखर खातं आणि त्याचा मद्यार्क होतो. एका बाटलीला किलोभराहून जास्त द्राक्षं लागतात. आमचा भातगिरणीवाला दोस्त कानात पुटपुटला, "आपल्याकडे मोहाचं असं लावलं, तर पोलीस दारात!" आम्ही हसलो, पण बोलणं खोटं नव्हतं.

रविवारी पहाटेच एका शेतकऱ्याच्या बागेत गेलो. गारव्यात तोडणी चालली होती. कात्रीने घड कापून क्रेटमध्ये ठेवणाऱ्या एका मावशींना गाव विचारलं.

"मोखाड्याकडलीच मी, दादा. तुम्ही जव्हारचे ना? बोलण्यावरून वळखलं."

दिवाळी झाली की यायचं, होळीला परतायचं. एप्रिलातली खरड छाटणी, ऑक्टोबरातली फळछाटणी, काडीवर किती डोळे राखायचे, सगळं त्यांना तोंडपाठ. बागमालक स्वतः म्हणाला, "या बायांसारखा हात आमच्या पोरांनासुद्धा नाही."

बांधावर आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. आमच्यातल्या मास्तरांनी विचारलं, "शाळा गं?"

मावशीच बोलल्या, "होती दुसरीत. पण याला कोण सांभाळणार, गुरुजी?"

मास्तर त्यानंतर परतीच्या गाडीत बसेपर्यंत बोलले नाहीत.

बागमालकाचंही सगळं गोड नव्हतं. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची. हातगाडीवर कुणी विचारत नाही. २००८-०९ च्या मंदीत खप घटला, कित्येकांचा माल कारखान्यांनी उचललाच नाही. लोकांनी हातांनी वाढवलेल्या बागा उपटल्या. तेव्हा मंडळी, कुणी नवं पीक सुचवलं, तर आधी एवढं विचारा: घेणारा कोण, आणि त्याने पाठ फिरवली तर दुसरा कोण?

आता मूळ मुद्दा. आपल्याकडचा पाऊस दांडगा, इथे द्राक्ष तगायचं नाही. पण छाटणीचं कसब वाया जायचं कारण नाही. मोगऱ्याला छाटणी लागते, आंबा-काजूच्या वाडीलाही लागते. हे शिकायला आपण दूरदूरच्या शिबिरांना जातो आणि ज्यांच्या हातात ते आहे, त्या बाया आपल्याच पाड्यावर राहतात!

होळीला त्या परततील. पोळी-भाताला बोलवा, दोन दिवस वाडीत घेऊन चला, आणि शिकवणाऱ्याची मजुरी रोख द्या. दहा घरांनी मिळून बोलावलं, तर वर्षातले काही आठवडे तरी गावातच काम निघेल. पुढल्या दिवाळीला ज्यांना जावंच लागेल, त्यांच्या पोरांना मागे ठेवून घ्यायला गावात एखादं घर पुढे येतं का, तेही बघा.

आमच्या मास्तरांनी आपलं घर सांगितलं आहे. दुसरं कुणाचं?