हवाई खर्च

जुनं घर घेऊन त्यात इटालियन फरशी घालणारा माणूस आणि जुनं विमान घेऊन त्यात नवा पडदा बसवणारा माणूस, ह्या दोघांत फरक एवढाच की पहिल्याचं छप्पर गळलं तर तो नुसता भिजतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमचे साडू अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी राहतात आणि त्यांच्याकडे स्वतःचं विमान आहे. (सासऱ्यांनी लग्नात आम्हां दोघांना एकसारखी घड्याळं दिली होती. पुढचं ज्याचं त्याने.) विमान म्हणजे सेस्ना १७२, साल १९६९. एक इंजिन, चार माणसं, पंख डोक्यावर. ह्या जातीची चव्वेचाळीस हजारांवर विमानं आजवर बनली; दुसऱ्या कुठल्याच विमानाची एवढी बनलेली नाहीत. साडूंचं विमान त्यांच्याच गावचं, कारण तेव्हा ही विमानं विचिटातच बनत. १९८६ साली कारखान्याने ती बनवणं थांबवलं. कुठे अपघात झाला की वीस-तीस वर्षांपूर्वी विकलेल्या विमानापायीही कंपनीवर खटला व्हायचा. १९९४ साली कायदा झाला, अठरा वर्षांवरच्या छोट्या विमानाबद्दलची कंपनीची जबाबदारी बहुतेक संपली, आणि मग १९९६ साली काम पुन्हा सुरू झालं. म्हणजे साडूंचं विमान कायद्याने पोरकं. त्याचं बरंवाईट मालकाच्या हाती.

बी.कॉम.ला आम्हांला घसारा शिकवला. त्या हिशेबाने १९६९ सालचं यंत्र वहीत एक रुपयाला उरायला हवं. पण विमानाचं तसं होत नाही. दर बारा महिन्यांनी अधिकृत मेकॅनिक ते उघडून तपासतो आणि त्याने वहीत सही केल्याशिवाय ते उडवता येत नाही. आमच्या शाखेतल्या पंख्यांची अशी तपासणी झाली असती तर मी उन्हाळ्यातही कोट घालून बसलो असतो. तेव्हा जुन्या विमानाशी माझं भांडण नाही. भांडण पडद्याशी आहे.

साडूंना समोरची गोल गोल घड्याळं काढून तिथे दोन मोठे रंगीत पडदे बसवायचे आहेत. खर्चाचा आकडा त्यांनी सांगितला. विमान घेताना मोजलेल्या रकमेच्या तो जवळ जवळ बरोबरीचा होता. म्हटलं, "विकताना हे पैसे परत येतात का हो?" म्हणाले, "अर्धे आले तरी पुष्कळ." असा अर्ज आमच्याकडे आला असता तर मॅनेजरसाहेबांनी अर्जदाराला चहा पाजून रिक्षात बसवून दिलं असतं.

पण पैशाचं सोडा, पैसा त्यांचा आहे. मला खुपतं ते दुसरंच. खर्च दोन जातींचा असतो, भांडवली आणि महसुली. भांडवली खर्च पाहुण्यांना दाखवता येतो. महसुली खर्च जळून जातो. पडदा भांडवली, पेट्रोल महसुली. म्हणून माणूस पडद्यासाठी पेट्रोल वाचवायला लागतो. साडूंचंही तेच चाललं आहे. पूर्वी ते दर शनिवारी उडत असत, हल्ली "पडदे बसले की मग" म्हणतात. आणि विमान उभं आहे.

आता विमान उभं राहणं म्हणजे काय, ते ऐका. त्याचं इंजिन लायकमिंगचं. त्यातला कॅमशाफ्ट वरच्या अंगाला असतो. इंजिन आठवडेच्या आठवडे बंद राहिलं की त्यावरचं तेल ओघळून खाली जातं आणि हवेतल्या दमटपणाने त्याला गंज धरतो. म्हणजे वरून पडदा चढतोय आणि आतून पोट सडतंय! उलट बाजू पाहायची तर लास व्हेगासला जा. तिथल्या एका हॉटेलच्या जाहिरातीसाठी रॉबर्ट टिम आणि जॉन कुक ह्या दोघांनी १९५८ च्या डिसेंबरात एक सेस्ना १७२ उडवलं आणि ते थेट १९५९ च्या फेब्रुवारीत उतरवलं. चौसष्ट दिवस बावीस तास! खाली रस्त्यावरून पळणाऱ्या ट्रकमधून नळी वर ओढून पेट्रोल घेत. मधेच जनरेटर बंद पडला, दिवे गेले, ऑटोपायलट गेला, पेट्रोल हाताने पंप करावं लागलं. इंजिन चालूच. ते विमान तिथल्या विमानतळावर टांगून ठेवलेलं आहे, रंगीत पडद्याविना.

जे इंजिनाचं, तेच हाताचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० साली पडदेवाल्या आणि घड्याळवाल्या छोट्या विमानांची तुलना केली. पडदेवाल्यांचे एकूण अपघात प्रमाणाने कमी निघाले, पण प्राणघातक अपघातांचं प्रमाण जास्त निघालं. पडद्यामुळे सुरक्षितता वाढल्याचं दिसत नाही, ज्या त्या यंत्रणेचं वेगळं शिक्षण हवं, असं मंडळाने म्हटलं. साडू म्हणाले, "ती विमानं नवी होती." म्हटलं, नव्या घोड्यावर नव्या खोगिराची ही गत, तर तुमचा घोडा पन्नाशी उलटलेला!

सगळ्याच सुधारणांना माझा विरोध आहे असं समजू नका. १ जानेवारी २०२० पासून तिथे मोठ्या विमानतळांच्या आसपास उडायचं तर आपला ठावठिकाणा सतत कळवणारं यंत्र लागतंच. ते साडूंनी तेव्हाच बसवलं. जुन्या विमानातलं कृत्रिम क्षितिज हवेच्या पंपावर फिरतं. तो पंप काही न सांगता मरतो आणि ढगात असाल तर वर कुठलं, खाली कुठलं कळेनासं होतं. त्याच्या जागी स्वतःची बॅटरी असलेलं विजेचं यंत्र खुशाल बसवा. मी स्वतः हार घालीन.

पण पेट्रोल मोजायला हे लोक अजून काय वापरतात माहीत आहे? काठी! पंखाशी चढायचं, झाकण काढायचं, खुणा केलेली काठी टाकीत बुडवायची. आमची आजी रॉकेलच्या डब्यात घालून बघायची, तशीच. आणि काठी शहाणी आहे, कारण २०११ ते २०१५ ह्या काळात पेट्रोलच्या हिशेबात चुकून अमेरिकेत दर वर्षी सरासरी पन्नासावर छोटी विमानं अपघातात सापडली. त्यांतली कित्येक तर टाकी कोरडी पडल्यामुळे.

आणि पट्टा? १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांत पुढच्या आसनांना खांद्यावरून येणारा पट्टा सक्तीचा आहे. त्याआधीच्यांना नुसता कंबरपट्टा चालतो. साडूंच्या विमानात नुसता कंबरपट्टा आहे. उतरताना काही झालं तर माणूस कमरेत दुमडतो आणि डोकं थेट समोर आपटतं. समोर काय असणार? पडदा! खांद्याचे पट्टे मागून बसवून मिळतात आणि पडद्यांच्या मानाने त्यांचा खर्च किरकोळ आहे. पण पट्टा पाहुण्यांना काय दाखवायचा?

उजवीकडच्या आसनावर आमच्या हिची धाकटी बहीण बसते. म्हणून ह्या प्रकरणात मी बोलतो, नाही तर बँकेतल्या माणसाने दुसऱ्याच्या खात्यात डोकावू नये, हे मला कळतं. गेल्या आठवड्यात हिने तिला फोन केला आणि खांद्याचे पट्टे बसेपर्यंत मोटारीने जात जा म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी साडूंचा फोन आला. पट्ट्यांची चौकशी केली आहे म्हणाले. रंग कोणता घ्यावा, एवढ्यावर अडलं आहे.