लेक, ‘टॅप’ आणि कोयनेचे बूच

पाटण तालुक्यातील कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाला १३ मार्च १९९९ रोजी खालून छेद देण्यात आला. २५ एप्रिल २०१२ रोजी हाच पराक्रम पुन्हा झाला. मराठीत तो गाजला ‘लेक टॅपिंग’ या नावाने. मराठी घरात लेक म्हणजे पोटचे अपत्य. त्या लेकीला ‘टॅप’ करणे म्हणजे काय, असा प्रश्न एखाद्या आजीला पडला असेल, तर दोष तिचा नव्हे!

हा ‘टॅप’ मोठा बहुरूपी. जुन्या इंग्रजीत तो होता मद्याच्या पिंपाचे बूच. पुढे बुचाच्या जागी तोटी आली, नाव तेच राहिले. बुचासारखे निमुळते म्हणून सोटमूळही ‘टॅप रूट’. रबराच्या झाडाला खाच पाडून चीक काढणे आणि दुसऱ्याचे दूरध्वनी संभाषण चोरून ऐकणे, दोन्ही ‘टॅपिंग’च. रात्री मद्याच्या तोट्या बंद करण्याचा डच इशारा सैन्यात शिरला आणि त्याचा ‘टॅटू’ झाला; अंगावर गोंदतात तो ‘टॅटू’ मात्र पॉलिनेशियातला. हलकेच थोपटणे या अर्थाचा ‘टॅप’ तर फ्रेंच कुळातला. त्याचे बुचाशी नाते नाही.

कोयनेत बोगदा जलाशयाच्या तळापर्यंत नेऊन शेवटचा खडक राखला गेला व तो सुरुंगाने उडविला गेला. अभियंते त्या खडकाला ‘प्लग’ म्हणतात, म्हणजे पुन्हा बूचच. इंग्रजीने इतक्या मोठ्या कामाला आपल्या घरातलाच पिंपाचा शब्द दिला. नळ, तोटी, टिचकी, सोटमूळ असे वेगवेगळे शब्द बाळगणाऱ्या मराठीने मात्र इथे उसनवारी केली. (‘बूच’ही पोर्तुगिजांचे, पण ते केव्हाच घरचे झाले.)

शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो राज्य चालविताना. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या ‘दिनांक’, ‘महापौर’ या शब्दांची आरंभी टर उडविली गेली. आज ते कुणाला खटकत नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात ठरली. तिला एवढा एक शब्द घडविता येऊ नये? बाळाचे कान टोचतात त्याला आपण कर्णवेध म्हणतो. मग जलाशयाच्या तळाचा ‘तळवेध’ का नको? तो पसंत नसेल, तर शासनाच्या परिभाषाकारांनी त्या बोगद्यात राबलेल्या मराठी कामगारांना विचारावे. आपसांत बोलताना त्यांनी काही तरी नाव दिलेच असेल.