कोल्हापूरचा फॉरवर्ड

भिलाईत ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीची अकादमी अ‍ॅथलेटिक्सची, फुटबॉलची बोकारोत. त्यामुळे भिलाईच्या सेक्टरमधल्या आपल्या मराठी घरांतली मुलं फुटबॉल खेळतात ती हौसेने. त्यांना मी आवर्जून कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची वाटचाल सांगतो. पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात आणि गाव कामधंदा सोडून जमतं, तिथला हा रिक्षाचालकाचा मुलगा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्लीत अमेरिकेविरुद्ध सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीवर उतरला. भारत तिन्ही सामने हरला. पण पलीकडे बचावपटूंची भिंत आणि पुढे आपण एकटे, हा अनुभव कुठल्याच शिबिरात मिळत नाही. पुढे इंडियन अ‍ॅरोज संघ, पुण्याच्या वेंकीजच्या मालकीच्या ब्लॅकबर्न या इंग्लिश क्लबमध्ये काही काळ सराव, मग आपल्यासारख्याच पोलादाच्या गावचा जमशेदपूर संघ, आणि २०२२ मध्ये हैदराबादसोबत इंडियन सुपर लीगचं (आयएसएल) विजेतेपद. त्याच वर्षी मार्चमध्ये बहरीनच्या दौऱ्यात वरिष्ठ संघाची जर्सीही मिळाली. मला सलतं ते वेगळंच. आयएसएलमध्ये मधली नऊ नंबरची जागा बहुतेक परदेशी खेळाडूंकडे जाते आणि आपले स्ट्रायकर कडेला ढकलले जातात. अनिकेतही तसाच विंगवर गेला. क्लबात गोलसमोर उभंच न राहिलेला मुलगा देशासाठी अचानक गोल कुठून करणार? आपल्या फॉरवर्डना मधली जागा द्यायलाच हवी, चुकले तरी पुन्हा द्यायला हवी.