तिच्या हातात स्टिक आहे

निमशहरी गावातली मुलगी, हॉकी आणि प्रेम एवढा ऐवज हाती आला की कादंबरीचा सांगाडा आधीच तयार असतो. मुलगी गरीब घरची, बाप कडक, आई मुकी. मैदानाच्या कडेला एक देखणा तरुण उभा. मग गैरसमज, दुखापत, ताटातूट. शेवटच्या प्रकरणात अंतिम सामना. शेवटच्या मिनिटाला ती गोल करते आणि धावत जाऊन त्याच्या मिठीत शिरते. पडदा! या सांगाड्याला माझा विरोध आहे. प्रेमाला नाही. खेळाडू मुलीही प्रेम करतात, त्यांनी जरूर करावे. माझा आक्षेप एवढाच की या गोष्टीतली हॉकी काढून तिथे भरतकाम ठेवले तरी गोष्टीचे काहीच बिघडत नाही.

लेखकाला खरी गोष्ट हवी असेल तर त्याने सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्याकडे पाहावे. आसू गावची वैष्णवी फाळके २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होती. त्याच वर्षी जूनमध्ये जपानमध्ये भारताच्या मुलींनी दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून ज्युनियर आशिया चषक पहिल्यांदा जिंकला. त्या संघात वैष्णवी होती आणि फलटणचीच ऋतुजा पिसाळही होती. वाखरीच्या अक्षता ढेकळेनेही भारताची जर्सी घातली. एका तालुक्यातून तीन मुली! उसाच्या या मुलखात हॉकीची स्टिक आली कशी? पहिली मुलगी कोणत्या घराने मैदानावर सोडली? बुटांचे, दुधाचे, एसटीचे पैसे कुठून आले? कादंबरी या प्रश्नांत आहे.

खेळातही नाट्य काही कमी नाही. हॉकीत स्टिकची सपाट बाजूच चेंडूला लागली पाहिजे, मागची लागली की फाउल. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव कमरेत वाकून धावायचे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. मातीवर शिकलेली मुलगी त्या पाणी मारलेल्या मैदानावर पहिल्यांदा उतरते तेव्हा चेंडू तिच्या अंदाजाच्या आधीच निघून जातो. वर्षानुवर्षे कमावलेला हात तिथे परका होतो. हा प्रेमभंगच आहे, आणि त्यात कोणी तरुण नाही.

पण आपली नजर मैदानावर ठरतच नाही. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाने २०२५ च्या क्रिकेट विश्वचषकात ४३४ धावा काढल्या. एकाच महिला विश्वचषकात भारतीय खेळाडूने काढलेल्या त्या सर्वाधिक धावा. भारत जगज्जेता झाला. आणि महिना उलटायच्या आत चर्चा कशाची? तिच्या लग्नाची! ते लग्न होणार नाही, हे डिसेंबरात सांगताना तिला खासगीपणाची विनंती करावी लागली. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत पदक जिंकले. त्यांची गोष्ट कोणी लग्नाच्या मांडवात नेऊन संपवत नाही. पुरुषाच्या चरित्रात लग्न हे एक पान असते, बाईच्या चरित्रात ते शेवटचे पान ठरते.

आता आपल्या लिहिण्याकडे पाहू. आपल्या कथा-कादंबऱ्यांत मुस्लिम मुलगी बहुधा तीन दारांतून येते: बुरख्याच्या, तलाकच्या, नाहीतर परधर्मीय प्रियकराच्या. तिन्ही दारांत पुरुष उभा आहे. चौथे दार मैदानाचे आहे, आणि ते कल्पनेतले नाही. जपानमधल्या त्याच विजयी संघात लखनौची मुमताज खान होती. आईबाप गाड्यावर भाजी विकणारे. २०२२ च्या ज्युनियर विश्वचषकात या मुलीने आठ गोल केले. आसूची फाळके, फलटणची पिसाळ आणि लखनौची खान एका जर्सीत खेळल्या. मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या मोहल्ल्यातली अशी मुलगी कादंबरीत यायला कोणाची हरकत आहे?

कोणी म्हणेल, कपड्यांचा प्रश्न येईल. येईलच. २००५ साली सानिया मिर्झाच्या स्कर्टवर फतवा निघाला आणि देशभर वाद झाला. पण गुडघ्यावरची पँट घालून मुलगी घराबाहेर पडली की 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न मराठ्याच्या वाड्यात, धनगराच्या वस्तीवर आणि मोहल्ल्यात एकाच सुरात विचारला जातो. या सुराला धर्म नाही. लेखकाने तो एकाच गल्लीत कोंडू नये.

वाचकाला प्रेमकथा हवी असते, असे प्रकाशक सांगतात. मग द्या की! पण त्या तरुणाचीही निवड चाचणी होऊ द्या. पहाटेच्या सरावासाठी ती चार वाजता उठते, तेव्हा तो तिच्या झोपेची काळजी करतो की फोनवर रुसतो? महिनोन्‌महिने शिबिरात राहणारी बायको त्याच्या आईला चालणार आहे का? आणि आईला चालली नाही, तर तो कोणाच्या बाजूने उभा राहणार? प्रेमाची कसोटी इथे आहे, शेवटच्या मिनिटाच्या मिठीत नाही.

म्हणून लिहिणाऱ्यांना एकच सांगणे आहे. कादंबरी अंतिम सामन्यावर संपवू नका, निकाहवर किंवा सप्तपदीवरही संपवू नका. आणखी एक प्रकरण लिहा. लग्नानंतरच्या पहिल्या शिबिराचे पत्र घरी येते. ते कोण उघडतो, कोण वाचतो, आणि सकाळच्या गाडीत ती बसते की नाही, तेवढे खरे लिहा.