वर्दी उतरवलेली गाडी

पोलीस निवृत्त झाला की त्याला पेन्शन मिळते. पोलिसांची गाडी निवृत्त झाली की तिच्या नशिबी लिलाव येतो. ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली चाके जमिनीत रुतलेल्या जीपा आपण सगळ्यांनीच पाहिलेल्या आहेत. सरकारी भाषेत त्यांचे ‘निर्लेखन’ होते, मग केव्हातरी लिलाव पुकारला जातो आणि भंगारवाला त्यांना ओढून नेतो. त्यांतली एखादी आपण विकत घ्यावी, धुऊनपुसून दारात उभी करावी आणि रोज तिच्यातून कचेरीत किंवा मंडईत जावे, असे मध्यमवर्गीय मराठी घरात सहसा कोणाच्या मनात येत नाही. पोलिसांची गाडी दारात दिसली की शेजारीपाजारी आधी खिडक्या किलकिल्या करतात आणि मग ‘सगळे ठीक आहे ना?’ म्हणून विचारायला येतात.

अमेरिकेत मात्र हा व्यवहार अगदी सर्रास चालतो. तिथली शहरे, परगणे आणि राज्ये यांची पोलीस दले वेगवेगळी. प्रत्येक दल काही वर्षांनी गाड्या बदलते आणि जुन्या लिलावात काढते. विद्यार्थी, टॅक्सीवाले, नुकते त्या देशात आलेले लोक आणि निव्वळ हौशी मंडळी बोली लावायला तयारच असतात. १९८० साली आलेल्या ‘द ब्लूज ब्रदर्स’ या विनोदी चित्रपटातल्या दोन भावांची गाडीसुद्धा पोलिसांच्या लिलावातून घेतलेली जुनी डॉज मोनॅको असते. पडद्यावर हशा पिकवणारी ही गोष्ट पुष्कळ घरांतला साधा काटकसरीचा हिशेब आहे.

माझा भाचा ओहायो राज्यात शिकायला गेला, तेव्हा त्यानेही नगरपालिकेच्या लिलावातून अशीच एक फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया घेतली. आम्ही उभयता पहिल्यांदा तिकडे गेलो, तेव्हा विमानतळावर तो तीच घेऊन आला. दोन भल्यामोठ्या बॅगा, लोणच्याच्या बरण्यांचे खोके आणि चकलीचा डबा एवढे सगळे पोटात घेऊनही तिच्या डिकीत जागा उरली होती. ‘मामा, चार वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही,’ भाचा अभिमानाने म्हणाला. हिवाळ्यात मात्र त्याच डिकीत तो वाळूच्या पिशव्या ठेवी. गाडी मागच्या चाकांवर ओढणारी. मागे वजन नसेल तर बर्फात ती नाचायला लागे.

या गाडीची ख्याती खोटी नाही. वेगळ्या मजबूत चॅसीवर बसवलेली बॉडी, ४.६ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, आणि दुरुस्तीला सोपा असा जुन्या वळणाचा सांगाडा. पोलिसांसाठी बनवलेल्या आवृत्तीचा सांकेतिक क्रमांक ‘पी ७१’. तिला अधिक कणखर स्प्रिंगा आणि शॉकअॅब्सॉर्बर, इंजिनाचे तेल थंड ठेवण्याची वेगळी सोय आणि दिवे-वायरलेसचा भार सोसणारा मोठा अल्टरनेटर असे. कॅनडातल्या सेंट थॉमस इथल्या कारखान्यातून १५ सप्टेंबर २०११ रोजी शेवटची क्राउन व्हिक्टोरिया बाहेर पडली. तिची जागा टॉरस आणि एक्स्प्लोरर या गाड्यांच्या पोलीस आवृत्त्यांनी घेतली, आणि आता लिलावांत बहुतेक त्याच दिसतात. भाच्याच्या मुलीला यंदा लायसन्स मिळाले आहे आणि तिचे लक्ष अशाच एका निवृत्त एक्स्प्लोररवर आहे. घरात दोन तट पडले आहेत. बँकेत हयात घालवलेला माणूस म्हणून माझे मत मागवण्यात आले, त्यातून हा लेख सुचला.

बँकेत असताना थकीत कर्जापोटी जप्त केलेल्या वाहनांचे लिलाव आम्ही करत असू. ‘जसे आहे, जेथे आहे’ ही जाहिरातीतली चार शब्दांची अट मला पाठ आहे. तिचा सरळ अर्थ असा, की हातोडा पडल्यावर तक्रार चालणार नाही. अमेरिकेतल्या लिलावांतही हीच अट असते. म्हणून बोली लावण्याआधी कागद वाचावेत आणि किलोमीटरच्या मीटरवर भाबडेपणाने विश्वास ठेवू नये. पोलिसांच्या गाडीचा मीटर लबाड असतो असे नव्हे. तो अर्धेच सांगतो, एवढेच. ही गाडी तासन्‌तास जागच्या जागी उभी असते आणि तरीही तिचे इंजिन चालूच असते. आत वायरलेस, संगणक, दिवे, हीटर किंवा एसी सुरू असतो. चाक एक इंचही फिरत नाही, पण इंजिन झिजत राहते.

पोलीस गाड्यांच्या देखभालीसाठी खुद्द फोर्ड कंपनीचा एक आडाखा आहे: इंजिन एक तास नुसते चालू राहिले, तर गाडी सुमारे ३३ मैल, म्हणजे ५३ किलोमीटर धावली असे धरावे. आता हिशेब मांडून पाहा. मीटरवर ९० हजार मैल दिसताहेत आणि इंजिन ४ हजार तास नुसते धडधडत उभे राहिले आहे, असे समजू. या ४ हजार तासांचे झाले १ लाख ३२ हजार मैल. म्हणजे जे इंजिन आपण ९० हजारांचे समजून घेणार, ते झिजेच्या दृष्टीने २ लाख २२ हजार मैलांचे आहे. अनेक पोलीस गाड्यांत इंजिनाचे तास दाखवणारी सोय असते. तो आकडा विचारावा, आणि देखभालीची नोंदवही मागावी. पोलीस दलाच्या गॅरेजमध्ये तेल वेळेवर बदलले गेले असेल, तर इतके चाललेले इंजिनही पुढची काही वर्षे इमानाने काढते. नोंदवहीच नसेल तर सौदा सोडून द्यावा.

बाकी खर्चही वहीत मांडावेत. क्राउन व्हिक्टोरिया शहरात लिटरला जेमतेम सहा-सात किलोमीटर देते. छतावर दिव्यांची आणि अँटेनांची भोके असतात. ती नीट बुजवली नाहीत तर पावसाचे पाणी झिरपते. वायरलेस काढताना तोडलेल्या वायरी डॅशबोर्डमागे लोंबत राहतात आणि पुढे भलत्याच वेळी बॅटरी उतरवतात. या मॉडेलच्या इतिहासातली एक गंभीर गोष्टही ठाऊक असावी. मागून भरधाव वाहनाची धडक बसून इंधनटाकी फुटल्याने आणि आग लागल्याने काही पोलिसांचे प्राण गेले होते. त्यानंतर २००२ मध्ये कंपनीने पोलीस गाड्यांना संरक्षक कवचे बसवून देण्याचे जाहीर केले. घेतोय त्या गाडीला ती बसवलेली आहेत का, हे खाली वाकून पाहण्यात कमीपणा नाही.

इथवरचा हिशेब लोखंडाचा झाला. पोलिसांच्या गाडीत लोखंडाबरोबर आणखी एक वस्तू येते आणि तिची किंमत लिलावाच्या पावतीवर लिहिलेली नसते. ती म्हणजे धाक.

भाच्याबरोबर हमरस्त्याने जाताना माझ्या ते लक्षात आले. त्याच्या गाडीवर ना दिवे होते, ना अक्षरे. पण तो विशिष्ट आकार, काळ्या लोखंडी चाकांवरच्या त्या बारक्या टोप्या, आणि आरशाजवळचा शोधदिवा, जो काढायचा राहून गेला होता. आरशात आम्ही दिसलो की पुढच्या गाड्यांचे वेग पटापट उतरत, डावी लेन मोकळी होई. भाच्याला याची गंमत वाटे. तरुण वय होते. मग एका संध्याकाळी त्याचा एक कृष्णवर्णीय सहकारी काही कागद घ्यायला घरी यायचा होता. अंधार पडत होता. भाचा नुकताच गाडीतून उतरत होता, हेडलाइट अजून चालू होते. समोरून येणारा तो सहकारी जागीच थबकला आणि त्याने दोन्ही हात खिशातून काढून, पंजे उघडे करून, शरीरापासून दूर धरले. आवाज ओळखीचा निघाल्यावर दोघेही हसले, पण ते हसणे काही खरे नव्हते. पुढच्याच रविवारी शोधदिवा निघाला आणि महिन्याभरात गाडीचा रंग बदलला.

मला यात परके काही वाटले नाही. फार वर्षांपूर्वी ग्रामीण शाखेत असताना वसुलीच्या फेरीसाठी आम्ही भाड्याची जीप घेत असू. एका वर्षी जीपवाल्याने आणलेली जीप पोलिसांच्या लिलावातली होती. अक्षरे खरवडलेली, पण ती कोणाची होती हे अर्ध्या मैलावरून कळावे. गावात शिरलो की पारावरची माणसे उठून जात, बायका पोरांना घरात ओढत. एका म्हाताऱ्याने हात जोडून विचारले, ‘साहेब, कोणाला न्यायला आलात?’ या जीपमुळे वसुली वाढेल, असे शाखेत एकाचे म्हणणे पडले. वाढलीही असती. पण कर्ज वसूल करायला बँकेला कायद्याचा कागद आहे. पोलिसांची सावली उसनी घेण्याचे तिला कारण नाही. रंग बदलल्याशिवाय ती जीप शाखेच्या कामाला लावायची नाही, असे ठरले.

हा उसना धाक भलत्या हाती पडला तर काय होते, हे कॅनडाने पाहिले. तिथल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात १८ आणि १९ एप्रिल २०२० रोजी एका माणसाने २२ जणांची हत्या केली. तो पोलिसांसारखे कपडे घालून हुबेहूब पोलीस गाडीतून फिरत होता. ती गाडी होती निवृत्त पोलीस टॉरस, सरकारच्याच जुन्या मालाच्या लिलावातून रीतसर पैसे भरून घेतलेली. अक्षरे आणि चिन्हे त्याने नंतर चिकटवली. लोक त्याला पोलीस समजले आणि पोलिसांनाही त्याला हुडकणे अवघड गेले. नंतर २०२१ मध्ये तिथल्या केंद्रीय पोलीस दलाच्या निवृत्त गाड्यांची विक्री थांबवण्यात आली, आणि पोलिसांची ओळख सांगणाऱ्या वस्तू कोणाजवळ असाव्यात यावर निर्बंध घालणारा कायदा नोव्हा स्कोशियाने केला. लिलावातून मिळालेले चार पैसे आणि त्या दोन दिवसांत मोजावी लागलेली किंमत यांचा ताळेबंद कोणत्याही बँकेत जुळणार नाही.

मग अशा गाड्या विकूच नयेत का? तसे मला वाटत नाही. जनतेच्या पैशाने घेतलेली धडधाकट वस्तू सडत ठेवणे हाही अपव्ययच, आणि शिकणाऱ्या पोराला किंवा टॅक्सीवाल्याला ती परवडत असेल तर त्याने ती अवश्य घ्यावी. पण धाक उतरवण्याचे काम विकणाऱ्या सरकारचे आहे. ते घेणाऱ्याच्या सदिच्छेवर सोडता येणार नाही. कॅलिफोर्नियाचा वाहन कायदा या बाबतीत मला शहाणा वाटतो. पोलिसांची रंगवलेली गाडी खाजगी माणसाला विकली, तर ती पोलिसांच्या गाडीसारखी दिसणार नाही अशी रंगवून आणि चिन्हे काढून मगच रस्त्यावर यावी, आणि हे काम विकणाऱ्याने किंवा ती वापरणाऱ्या खात्याने करावे, असे तो सांगतो. रंगाच्या खर्चाने लिलावातली शिल्लक थोडी कमी होईल. होऊ द्यावी.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने बराचसा मिटला आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी चालू राहत नाही. ती अधिकृत केंद्रात मोडीत काढावी लागतात, चिलखती आणि तत्सम खास वाहनांचा अपवाद सोडून. त्यामुळे जुनी पोलीस जीप दारात आणण्याची हौस आता कठीणच. पण धाकाची हौस कुठे मिटली आहे? १ मे २०१७ पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले; तरी खाजगी गाडीच्या काचेमागे ‘पोलीस’ लिहिलेली पाटी आणि डॅशबोर्डवर मुद्दाम दिसेल अशी ठेवलेली टोपी अजून दिसतेच. त्या गाडीच्या मालकाने लोखंड शोरूममधूनच घेतलेले असते. धाक तेवढा मेव्हण्याकडून आणलेला असतो.

भाच्याच्या मुलीला मी कळवले आहे ते असे. गाडी घे, पण आधी तास विचार, नोंदवही वाच, छताची भोके आणि शोधदिव्याची जागा पाहा. रंग पांढरा-काळा असेल तर तो बदलण्याचा खर्च किमतीतच धर. रस्ता मोकळा व्हावा म्हणून घेत असशील तर घेऊ नकोस. आणि सही करण्यापूर्वी एकदा मागच्या सीटवर जाऊन बस, दार लावून घे आणि आतून उघडून पाहा. पोलिसांच्या गाडीत मागची दारे आतून उघडत नाहीत अशी केलेली असतात. कैद्याने उडी मारू नये म्हणून. पुष्कळ लोक इंजिन दुरुस्त करतात आणि हे दार तसेच राहून जाते. त्या सीटवर आता तुझी आजी बसणार आहे, मैत्रिणीची लहान भावंडे बसणार आहेत. तेव्हा पहिला खर्च त्या दाराच्या कड्यांवर कर. दोन्ही बाजूंच्या.