परराज्यात शिकायला धाडताना : शहर नंतर, दार आधी

कर्नाटक एक्स्प्रेस आपल्या जिल्ह्यातून दोन्ही दिशांना धावते. नगरला थांबते, कोपरगावलाही थांबते. एका टोकाला बंगळूर, दुसऱ्या टोकाला नवी दिल्ली. बारावी झालेली आपली पोरे आज ज्या दोन शहरांची नावे घेतात, ती नेमकी हीच. कॉम्प्युटरवाल्याला बंगळूर दिसते आणि कलेक्टर व्हायचे म्हणणाऱ्याला दिल्ली. एके काळी पुण्याला गेला तरी ‘पोरगं बाहेर शिकतंय’ म्हणून गावात कौतुक व्हायचे. आता पुणे म्हणजे घरचे अंगण झाले आहे.

पोराने मोठे स्वप्न पाहिले यात गैर काहीच नाही. कांद्याच्या भावाने आणि पावसाच्या लहरीने गांजलेल्या बापालाही वाटते, की आपल्यासारखे हाल याच्या वाट्याला नकोत. पण गाडीचे तिकीट सगळ्यांना एकाच दराने मिळते, कॉलेजातली जागा तशी मिळत नाही. तिचा दर तुम्ही कोणत्या राज्याचे रहिवासी आणि कोणत्या दाराने आत शिरलात, यावर ठरतो. शिक्षण महाग होते ते अंतरामुळे कमी आणि राज्याची हद्द ओलांडल्यामुळे जास्त. हे आधी ध्यानात घ्या, मग शहराचे नाव काढा.

ही गोष्ट आजची नाही. १९८९ साली कर्नाटक सरकारने खासगी वैद्यकीय महाविद्यालयांचे दर ठरवून दिले. सरकारी कोट्यातल्या मुलाला वर्षाला २ हजार रुपये, कर्नाटकातल्या इतर मुलांना २५ हजार आणि बाहेरच्या राज्यातून आलेल्यांना ६० हजार! एकच वर्ग, एकच मास्तर, एकच पदवी आणि दर तीन. उत्तर प्रदेशातल्या एका मुलीने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य या १९९२ च्या निकालात न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. पुढे कायदे आणि निकाल बरेच झाले, तरी घरच्याला एक भाव आणि बाहेरच्याला दुसरा, ही रीत काही गेली नाही.

आपल्याकडून त्या काळी इंजिनिअरिंगसाठी पोरे कर्नाटकात जात, कारण इथे जागाच नव्हत्या. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि कोपरगाव या तिन्ही ठिकाणी इंजिनिअरिंग कॉलेजे उभी राहिली. म्हणजे तेव्हा बाहेर जाणे ही नड होती. आज ती निवड आहे, आणि निवड म्हटली की हिशेब आलाच.

हद्द ओलांडली की काय सुटते?

वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून फीची सवलत मिळते. ती महाराष्ट्रातल्या कॉलेजांत, सरकारी प्रवेश फेरीतून जागा घेतली तरच. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही राज्यातल्या शिक्षणासाठीच आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, आठ लाखांच्या आतल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. पण मुलगी राज्याबाहेर गेली की ही माफी गेली. राज्यात राहूनही व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला, तरी ती मिळत नाही.

आरक्षणाचेही तसेच. एका राज्यातला अनुसूचित जाती-जमातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या जागांसाठी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केले आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मात्र परराज्यात शिकणाऱ्यालाही आपल्याच राज्याकडून मिळते. तेवढा आधार सोडला, तर नगरमध्ये हक्काचा असलेला विद्यार्थी बंगळूरच्या रांगेत ‘बाहेरचा’ म्हणून उभा असतो.

बंगळूर आणि दिल्लीचा हिशेब

बंगळूरच्या कॉलेजांतल्या स्वस्त सरकारी जागा कर्नाटकच्या सीईटीतून भरतात. त्यांना त्या राज्यात काही वर्षे शिकल्याची किंवा राहिल्याची अट असते. आपल्या पोराला उरते ती कॉमेडकेची परीक्षा किंवा व्यवस्थापन कोटा. कॉमेडकेतून चांगल्या कॉलेजात जागा मिळाली, तर वर्षाची फी दोन-तीन लाखांच्या घरात जाते. राहणे-खाणे वर्षाला दीड लाख धरा. चार वर्षांचे चौदा ते अठरा लाख झाले. क्विंटलला पंधराशे रुपये हातात पडले असे धरले, तरी पंधरा लाखांना हजार क्विंटल कांदा विकावा लागेल. त्यात बियाणे, खते, मजुरी आणि वाहतूक काहीच धरलेले नाही. तेच शिक्षण मुलीने सरकारी फेरीतून लोणी, संगमनेर किंवा पुण्यात घेतले आणि ती वरच्या सवलतीत बसली, तर शिक्षण फी शून्य. नोकरी द्यायला बंगळूरच्या कंपन्या मुलाखत घेतात, मुलगा कोणत्या स्टेशनावर उतरला ते विचारत नाहीत.

दिल्लीचे गणित उलटे आहे. दिल्ली विद्यापीठ केंद्राचे आहे. हिंदू, रामजस, हंसराज, किरोडीमल ही नावाजलेली कॉलेजे त्याच्याशी संलग्न. तिथे महाराष्ट्राच्या मुलाला वेगळा दर नाही, आणि बी.ए., बी.कॉम.ची वर्षाची फी बहुतेक ठिकाणी काही हजारांत भागते. पण वसतिगृहाच्या जागा थोड्या आणि मागणारे फार. बाहेर खोली, डबा, प्रवास मिळून महिन्याला पंधरा हजार धरले, तर वर्षातल्या दहा महिन्यांचे दीड लाख आणि तीन वर्षांचे साडेचार लाख झाले. म्हणजे दिल्लीत फी स्वस्त, भाकरी महाग. म्हणून तिथे जायचेच तर आधी वसतिगृहाची चौकशी करा. दिल्ली सरकारच्या इंजिनिअरिंग संस्थांचा विचार असेल, तर तिथे ८५ टक्के जागा दिल्लीकरांच्या आणि १५ टक्के बाहेरच्यांच्या, हेही माहीत असू द्या.

आपल्यासाठी उघडी दारे

मग बाहेर जाऊच नये का? तसे मुळीच नाही. हद्द न पाहणारी दारे आहेत, ती ओळखायला हवीत.

पहिले दार केंद्रीय विद्यापीठांचे. दिल्ली, जेएनयू, बनारस हिंदू, हैदराबाद या विद्यापीठांत पदवीचे प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या एकाच परीक्षेतून होतात. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. पुढचे शिकवणे इंग्रजीत, काही ठिकाणी हिंदीत असते, याची तयारी मात्र हवी.

दुसरे दार एनआयटीचे. या संस्थांतल्या निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना आणि निम्म्या बाहेरच्यांना. प्रवेश जेईई मेनवर. घरचे उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर शिक्षण फी पूर्ण माफ, एक ते पाच लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ, आणि अनुसूचित जाती-जमातींना पूर्ण माफ. आपल्या राज्यातली एनआयटी नागपूरला आहे, तिथे आपण ‘घरचे’ धरले जातो. तेव्हा सुरतकल किंवा वरंगळचे नाव घेण्याआधी नागपूरचा अर्ज वरच्या क्रमांकावर टाकावा.

तिसरे दार खास शेतकऱ्याच्या पोरासाठी आहे, आणि तेच आपल्याकडे सर्वांत कमी ठाऊक आहे. देशातल्या कृषी विद्यापीठांतल्या पदवीच्या काही टक्के जागा भारतीय कृषी अनुसंधान परिषद देशपातळीवर भरते, त्याही सीयूईटीतूनच. बंगळूरचे कृषी विद्यापीठ त्यातच येते. आणि गंमत अशी, की आपले राज्य सोडून दुसऱ्या राज्यात या जागेवर गेलेल्या विद्यार्थ्याला परिषदेची राष्ट्रीय शिष्यवृत्ती दरमहा मिळते. इतर ठिकाणी हद्द ओलांडली की सवलत जाते, इथे हद्द ओलांडली म्हणून सवलत येते! आपल्या शेजारी राहुरीला १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथे जाऊन या जागांची विचारपूस करायला किती खर्च येतो?

कागद वेळेवर हवेत

या दारांशी आपली पोरे अडतात ती बहुतेकदा मार्कांपायी नाही, कागदापायी. राज्याचा दाखला केंद्राला चालत नाही. पाथर्डी-शेवगावचा वंजारी मुलगा राज्यात भटक्या जमातीत मोडतो, तसाच धनगर समाजाचा मुलगाही. केंद्राच्या यादीत मात्र दोघेही ओबीसी. त्यांना केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो. मराठा समाजाचे एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत नाही. तिथे आर्थिक दुर्बल घटकाचा, तोही केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढावा लागतो. आणि त्यात एक मेख आहे : उत्पन्न आठ लाखांच्या आत असूनही कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर हा दाखला मिळत नाही. ती जमीन बागायत की पारनेर-जामखेडची कोरडवाहू, हे कोणी विचारत नाही. इथे कुटुंब म्हणजे विद्यार्थी, त्याचे आई-वडील आणि अठरा वर्षांखालची भावंडे. म्हणून सामाईक सातबाऱ्यावर आजोबा-चुलत्यांची नावे असतील, तर आपल्या वाट्याची जमीन नेमकी किती, हे तलाठी कार्यालयात वेळीच पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्याकडे बारावीचा निकाल लागला, पेढे वाटले, की ‘आता कुठं घालायचा?’ असा विचार सुरू होतो. पण जेईई आणि सीयूईटीचे अर्ज निकालाच्या कितीतरी आधी भरून झालेले असतात. निकालानंतर जागा सापडते ती बहुतेकदा पैसे मोजून मिळणारीच. वरातीमागून घोडे न्यायचे, तर घोड्याचे भाडेही दुप्पट पडते.

दलालापासून सावध

नेमक्या याच दिवसांत तालुक्याच्या गावी पाट्या लागतात : ‘बंगळूरला थेट प्रवेश, परीक्षा नको.’ परीक्षा नको याचा अर्थ पैसा हवा, एवढे ओळखा. असा माणूस आगाऊ रक्कम मागतो, मूळ कागदपत्रेही ठेवून घेतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे, की कोणत्याही संस्थेला मुलाची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. जे संस्थेला करता येत नाही, ते दलालाला कसे करू द्यायचे? आयोग बनावट विद्यापीठांची यादीही जाहीर करतो, आणि अलीकडच्या याद्यांत सर्वांत जास्त नावे दिल्लीतलीच होती. पैसे भरण्याआधी ती यादी पाहावी. पावती संस्थेच्या नावाची घ्यावी, चिठ्ठीवर हिशेब करू नये.

कर्जाचेही लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक चांगल्या संस्थांतल्या मुलांना तारण आणि जामीन न देता कर्ज मिळते. व्यवस्थापन कोट्यातल्या मुलाला मात्र त्यात जागा नाही. म्हणजे जी जागा सर्वांत महाग, तिलाच स्वस्त कर्ज नाही. मग सावकार आहे, नाहीतर जमीन आहे. एका पोराच्या चार वर्षांसाठी पिढ्यांची जमीन विकली आणि पदवी निघाली बिनकामाची, तर त्या पोराने गावात तोंड कुठे दाखवायचे?

सरपंच, भाऊसाहेब आणि मुख्याध्यापक मंडळींनाही एक विनंती आहे. दर डिसेंबरात एका ग्रामसभेत बारावीच्या मुलांना आणि पालकांना बोलवावे. कोणता अर्ज कधी भरायचा, कोणत्या नमुन्यातला दाखला लागतो, हे फळ्यावर लिहून द्यावे. उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले काढायला लागणारे कागद गावपातळीवर अडणार नाहीत, एवढे पाहावे. त्याला वेगळा निधी लागत नाही.

आणि पालकांनो, पोराला गप्प करू नका. त्याच्याजवळ बसा आणि एका कागदावर चार रकाने आखा : प्रवेश कोणत्या दाराने, फी किती, राहण्या-खाण्याचा खर्च किती, आणि आपला कोणता हक्क सुटतो. चारही रकाने भरल्यावर दिल्ली किंवा बंगळूर परवडत असेल, तर खुशाल धाडा. परवडत नसेल, तर पुणे, राहुरी, संगमनेर ही कमीपणाची नावे नाहीत. पदवी इथे घ्यावी आणि नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला तिकडे जावे. गाडी तेव्हाही नगरला थांबणारच आहे.